बारा रंग पुसा, तीन ठेवा

प्रश्न : गोकुळ शिरगाव एमआयडीसीत पॅटर्नची ड्रॉइंगं करतो, सगळा दिवस कॅडवर जातो. पाच तारांचा बँजो ऑनलाइन मागवला आणि टॅब (कुठली तार कुठे दाबायची ते आकड्यांत लिहिलेली लिपी) बघून ब्लूग्रास या अमेरिकन संगीताच्या सहा-सात चाली हातात बसवल्या. लहानपणी पेटी शिकलोय, सरगम येते. पण थिअरीचं पुस्तक उघडलं की डोक्यात काही शिरंना. मला चित्र दिसल्याशिवाय कळत नाही. म्हणून बँजोच्या मानेवरच्या पट्टीवर बारा स्वरांना बारा रंगांचे स्टिकर लावले. आता नुसती रंगपंचमी दिसते. राजारामपुरीतला मित्र गिटार घेऊन बसतो, तो 'ए मध्ये घे' म्हणाला की माझे हात जागच्या जागी थांबतात. आता स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) शिकू का, की चित्रातूनच काही मार्ग निघेल?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : चित्रातूनच निघेल. फक्त तुम्ही रंग भलत्याच गोष्टीला दिलेत.

बारा रंग सांगतात की या फ्रेटवरच्या (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट) स्वराचं नाव काय. कानाला नाव ऐकू येत नाही, अंतर ऐकू येतं. दुसरी तार मोकळी वाजवली की बी हा स्वर मिळतो. जी कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे स्वर) चालू असताना तो गंधाराचं काम करतो, ई कॉर्डमध्ये पंचमाचं, आणि बी कॉर्ड आली तर तोच षड्ज. कामं तीन, स्टिकर मात्र एकच. म्हणून रंग कामाला द्यायचा. कॉर्डच्या मूळ स्वराला तांबडा, त्याच्यापासून चार फ्रेट वरच्या स्वराला (म्हणजे त्या मूळ स्वराच्या गंधाराला) पिवळा, सात फ्रेट वरच्याला (पंचमाला) निळा. बाकी काही रंगवायचं नाही.

'मी डोळ्यांनी शिकणारा माणूस आहे' यावर मात्र फार भिस्त ठेवू नका. शिकणाऱ्याच्या तथाकथित शैलीप्रमाणे शिकवलं तर तो जास्त शिकतो, याला भक्कम पुरावा नाही, असं २००८ मध्ये हॅरॉल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीचं संशोधन तपासून मांडलं. बँजोवर चित्र उपयोगी पडतं याचं कारण वेगळं आहे : या वाद्याची पट्टी मुळातच भूमितीची आहे, ती कुणालाही चित्रातून लवकर कळते. पण कानाची सोबत लागतेच, त्याचं पुढे सांगतो.

(इतर वाचकांसाठी : हा मिरवणुकीतला, बटणं दाबून वाजवायचा बेंजो नव्हे. हा चामड्यासारखा पडदा ताणलेला, लांब मानेचा अमेरिकन बँजो. त्याची पाचवी तार आखूड असते आणि तिची खुंटी मानेच्या मध्येच, पाचव्या फ्रेटजवळ असते.)

आधी स्टिकर काढा. तारेखाली कागद असला की तार खरखरते आणि पावसाळ्यात त्याचा डिंक लाकडात मुरतो. राहिलेला चिकटपणा काढायला लायटरमध्ये भरायचं द्रव फडक्यावर दोन थेंब घेऊन पुसा. नेलपॉलिश रिमूव्हर चुकूनही नको, कडेची प्लास्टिकची पट्टी आणि पट्टीवरच्या खुणा त्याने विरघळतात.

मग ब्रिज, म्हणजे पडद्यावर उभा असलेला, तारा पेलणारा तुकडा तपासा. बँजोचा ब्रिज चिकटवलेला नसतो, नुसत्या तारांच्या दाबावर उभा असतो. तारा बदलताना किंवा वाद्य पिशवीत भरताना तो सरकतो. मोकळ्या तारांची पूर्ण लांबी बहुतेक बँजोंवर सव्वीस-सव्वा सव्वीस इंचांच्या आसपास असते. नटपासून (मानेच्या टोकाची, तारा बसायच्या खाचांची पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर मोजा, बाराव्यापासून ब्रिजपर्यंत साधारण तेवढंच हवं. ६६६ मिलिमीटर लांबी असेल तर दोन्हीकडे ३३३. हे झालं ढोबळ. नेमकं जुळवायचं तर बाराव्या फ्रेटवर बोट नुसतं टेकवून तार छेडा, मग तिथेच दाबून छेडा आणि ट्यूनर बघा. दाबलेला स्वर चढा निघाला तर ब्रिज शेपटीकडे केसभर सरकवा, उतरता निघाला तर मानेकडे. हे न करता चित्र काढलंत तर कागदावर बरोबर असलेली कॉर्ड वर गेल्यावर बेसूर लागेल आणि दोष तुम्ही थिअरीला द्याल.

आता तारा. तुमचा बँजो जी मध्ये लावलेला आहे, म्हणजे पेटीवरची पांढरी पाच. चौथ्या तारेपासून पहिलीपर्यंत डी, जी, बी, डी आणि आखूड पाचवी वरची जी. हेच सरगमीत म्हणा : मंद्र प, सा, ग, प, आणि पाचवी तार सां. डाव्या हाताचं एकही बोट न लावता जी मेजर कॉर्ड तयार आहे, त्यात सा, ग, प सोडून दुसरं काही नाही. पुस्तकातलं 'ट्रायड' ते हेच. पेटी शिकलेल्या माणसाला अर्धी थिअरी आधीच येत असते, फक्त ती इंग्रजी नावांखाली दबलेली असते.

तिसऱ्या तारेवर, म्हणजे सा च्या तारेवर, शुद्ध सप्तक असं बसतं : मोकळी सा, २ वर रे, ४ वर ग, ५ वर म, ७ वर प, ९ वर ध, ११ वर नि, १२ वर सां. बँजोच्या मानेवर ठिपके असतात त्यांतले ५, ७ आणि १२ बघा : मध्यम, पंचम, तार षड्ज. ब्लूग्रासमधल्या असंख्य चाली सा, म, प या तीनच कॉर्डांवर चालतात, आणि त्यांच्या जागा वाद्य बनवणाऱ्याने आधीच खुणा करून ठेवलेल्या आहेत. एक सावधगिरी : गिटारवर नवव्या फ्रेटला ठिपका असतो, बँजोवर बहुधा दहाव्याला. मित्राच्या गिटारचा तक्ता बघून मोजायला गेलात तर घोळ होईल.

कागदाकडे वळू. ए-४ आडवा धरा, १० मिलिमीटरचे २३ उभे रकाने पाडा : शून्य ते बावीस. शून्याचा रकाना विसरायचा नाही, मोकळी तार तिथे राहते. आडव्या ओळी पाच. सगळ्यात वर पहिली तार, सगळ्यात खाली पाचवी, टॅबमध्ये असते तशी. पाचवीची ओळ ५ आकड्याच्या रकान्यापासून सुरू करा, कारण त्या तारेला त्याआधी फ्रेटच नाहीत.

तुमचा हात इथे मापात काढायला शिवशिवणार. नका काढू. खऱ्या पट्टीवर फ्रेट वर जाताना जवळ येतात. ६६६ मिमीच्या लांबीला पहिला फ्रेट नटपासून ३७.४ मिमीवर आणि दुसरा त्यापुढे ३५.३ वर. मापाचं ड्रॉइंग देखणं होईल, पण त्यावर आकार सरकवता येणार नाही, आणि सगळी गंमत सरकवण्यातच आहे. सारखे चौकोनच हवेत.

दिशेचा गोंधळही इथेच मिटवून टाका. टॅबमध्ये पाचवी तार खाली, वाद्य मांडीवर घेऊन वरून बघितलं तर पाचवी तार हनुवटीच्या बाजूला, आणि पुस्तकातले कॉर्डचे चौकोन तर उभेच. एकाच गोष्टीची तीन वेगळी चित्रं डोळ्यांसमोर आल्यावर डोळ्यांवर भरवसा ठेवणारा माणूस सगळ्यात आधी गडबडतो. टॅबची दिशा पक्की धरा. उभा चौकोन घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवला की तो टॅबसारखा होतो. पुस्तकात दिसेल तो चौकोन वहीत फिरवूनच उतरवा.

या कागदावर पेन्सिलीने जी पट्टीची सरगम भरा, फक्त शुद्ध स्वर. तिसरी तार वर दिलीच आहे. दुसरी : ० ग, १ म, ३ प, ५ ध, ७ नि, ८ सां, १० रें, १२ गं. पहिली : ० प, २ ध, ४ नि, ५ सां, ७ रें, ९ गं, १० मं, १२ पं. चौथी पहिलीसारखीच, एक सप्तक खाली. बाराच्या पुढे सगळं पुन्हा तेच. हा झाला खालचा थर.

वरच्या थराला ओएचपीची पारदर्शक शीट घ्या, झेरॉक्सच्या दुकानात एखादी सुटी मिळते. तिचे तीन तुकडे करा, प्रत्येक फक्त चार ओळींचा. पाचवी तार त्यात घ्यायची नाही. आकार सरकला तरी ती जागची हलत नाही. तीन तुकड्यांवर तीन आकार रंगवा. फ्रेटचे आकडे चौथ्या तारेकडून पहिलीकडे वाचा.

आडवा आकार : चारही तारा एकाच फ्रेटवर. रंग निळा, तांबडा, पिवळा, निळा.
एफ आकार : ३-२-१-३. रंग तांबडा, पिवळा, निळा, तांबडा.
डी आकार : ४-२-३-४. रंग पिवळा, निळा, तांबडा, पिवळा.

मेजर कॉर्डचे रोजच्या वापरातले आकार एवढेच. शोधायची असते ती फक्त तांबड्याची तार : आडव्यात तिसरी, एफमध्ये चौथी आणि पहिली, डीमध्ये दुसरी. तांबडा ठिपका पेन्सिलीच्या सा वर ठेवा, जी कॉर्ड झाली. म वर ठेवा, सी झाली. प वर ठेवा, डी झाली. जी च्या जागा नटपासून वर : मोकळ्या तारा, मग एफ आकारात ५-४-३-५, मग डी आकारात ९-७-८-९, मग बारावर पुन्हा आडवा. आडवा, एफ, डी, पुन्हा आडवा, हा क्रम कुठल्याही कॉर्डला बदलत नाही. आणि तुम्ही पहिल्या दिवशी पाठ केलेली सी कॉर्ड, २-०-१-२? तो डी आकारच आहे, दोन घरं खाली सरकून नटला टेकलेला.

थिअरी दिसते कशी, ते एका जागेवर थांबून बघू. साथीला वाजवताना नवव्या फ्रेटजवळ जी धरा : ९-७-८-९. अनामिका चौथ्या तारेवर, करंगळी पहिलीवर, तर्जनी तिसरीवर, मधलं बोट दुसरीवर. आता सी हवी : एफ आकार, १०-९-८-१०. अनामिका आणि करंगळी आपापल्या तारेवरच राहून एक घर पुढे गेल्या. तर्जनी आणि मधल्या बोटाने तारा बदलल्या. पण दुसऱ्या तारेचा आठवा फ्रेट दोन्ही कॉर्डांत दाबलेलाच आहे. स्वर तोच, सां. जी मध्ये तो तांबडा होता, सी मध्ये निळा झाला. चौथ्या आणि पहिल्या तारेवरचा पिवळा ग एक घर चढून म झाला आणि तांबडा झाला. तिसऱ्या तारेवरचा निळा प दोन घरं चढून ध झाला, तो आता पिवळा. एक स्वर जागेवर, एक अर्ध्या स्वराने वर, एक पूर्ण स्वराने वर. पुस्तकात 'व्हॉइस लीडिंग' म्हणून जे प्रकरण असतं त्याचा गाभा या तीन ठिपक्यांच्या हालचालीत आहे. हा बदल सावकाश करा आणि प्रत्येक वेळी फक्त एकाच ठिपक्याकडे बघा. डी साठी पुढे काही शिकायचं नाही, तोच एफ आकार दोन घरं वर : १२-११-१०-१२.

मायनर कॉर्ड म्हणजे पिवळा ठिपका एक घर मागे. कुठल्या जागी मेजर आणि कुठल्या जागी मायनर, हे पाठ करू नका, खालच्या थराला विचारा. एफ आकाराची शीट अशी ठेवा की तांबडा ठिपका चौथ्या तारेच्या सातव्या फ्रेटवर, म्हणजे रे वर येईल : ७-६-५-७. पिवळा कुठे पडला? तिसऱ्या तारेच्या सहाव्या घरात, आणि तिथे पेन्सिलीचं अक्षर नाही. म आहे पाचव्यात. पिवळा मागे आणा, ७-५-५-७, ए मायनर. सा, म, प वर पिवळा अक्षरावर पडतो म्हणून त्या मेजर; रे, ग, ध वर तो रिकाम्या घरात पडतो म्हणून त्या मायनर. नि वर निळासुद्धा रिकाम्यात पडतो, ती कॉर्ड ब्लूग्रासमध्ये क्वचितच लागते, सोडून द्या. ई मायनर २-०-०-२ कुठून आली हेही आता दिसेल : एफ आकारातली ई २-१-०-२, तिचा पिवळा मागे गेला.

काही चाली मात्र मुद्दाम रिकाम्या घरात पाय टाकतात. जी नंतर ई, ए, डी आणि परत जी, सगळ्या मेजर, हा जुना लाडका फेरा आहे. ई चा पिवळा अक्षर नसलेल्या घरात असतो आणि तिथून अर्ध्या स्वराने वर ए चा तांबडा असतो. ए च्या पिवळ्याला डी चा तांबडा तसाच जवळ. ती ओढ कानाला लगेच कळते. पुस्तकातलं पंचमांचं वर्तुळ (पंचमाच्या अंतराने गोलात मांडलेले बारा स्वर) बघा, या चार कॉर्डा तिथे शेजारी-शेजारी उभ्या दिसतील. त्या वर्तुळातून सध्या एवढंच घ्या.

पाचव्या तारेचा त्रास तुम्हाला जाणवला असेल. ती प्रत्येक कॉर्डला सां म्हणत राहते. जी मध्ये ती तांबडी, सी मध्ये निळी, म्हणजे घरचीच. डी मध्ये ती तिन्ही रंगांत बसत नाही. डी ४-२-३-४ धरली की पहिल्या तारेच्या चौथ्या फ्रेटवर नि आणि शेजारी पाचवी तार सां, एकाच सप्तकात, अर्ध्या स्वराच्या अंतरावर. हळू वाजवताना हे टोचतं आणि शिकणाऱ्याला वाटतं आपलं बोट चुकलं. चुकलेलं नसतं. वेगात तो स्वर निसटून जातो, आणि नको असेल तर त्या जागी अंगठ्याने पाचवीऐवजी चौथी किंवा तिसरी तार घ्यायची. सोपी डी सेव्हन ०-२-१-० वापरली तर टोचणं कमी होतं, कारण त्या आकारात पिवळा ठिपकाच नाही. डी, ए, सी, डी एवढेच स्वर आहेत.

आणखी एक जागा पेन्सिलीच्या बाहेरची. तिसऱ्या तारेवर २ वरून ३ वर बोट आपटून किंवा घसरवून लगेच दुसरी तार मोकळी छेडायची : रे, कोमल ग, शुद्ध ग. बँजोवादक अर्ल स्क्रग्ज १९४५ च्या अखेरीस बिल मन्रोच्या ब्लू ग्रास बॉइज या बँडमध्ये आले आणि त्यांच्या तीन बोटांच्या वादनाने या संगीताचा बाज ठरला. त्या वादनात ही जागा सारखी येते. मेजर कॉर्डवर कोमल गंधार पुस्तकी हिशोबात खटकतो, पण जोग राग ऐकलेल्या कानाला दोन गंधारांचं वावडं असायचं कारण नाही. तिसऱ्या तारेच्या तिसऱ्या घरात आणि पहिल्या-चौथ्या तारेच्या तिसऱ्या घरात (कोमल नि) पेन्सिलीने लहान फुली करा. रंग नको.

उजव्या हाताला वेगळं चित्र लागतं, पण छोटं. आठ चौकोनांची एक पट्टी, केरव्याच्या आठ मात्रांसारखी. वर बोट, खाली तार. अंगठा आलटून-पालटून रोल (रोल म्हणजे बोटांचा ठरलेला क्रम) : अंगठा, तर्जनी, अंगठा, मधलं, पुन्हा तसंच, तारा ३-२-५-१-४-२-५-१. पुढे जाऊन परतणारा रोल : अंगठा, तर्जनी, मधलं, अंगठा, मधलं, तर्जनी, अंगठा, मधलं, तारा ३-२-१-५-१-२-३-१. अंगठ्याचे चौकोन काळे करा. पहिल्यात १, ३, ५, ७ काळे होतात, दुसऱ्यात १, ४, ७. दोन्हींचा डौल वेगळा का लागतो ते त्या काळ्या चौकोनांच्या अंतरातच आहे.

आता कान. कागदावर ठिपका दिसला की तार छेडण्याआधी तो स्वर म्हणा. तांबड्याला सा, पिवळ्याला ग, निळ्याला प, त्या कॉर्डपुरतं. गळा बरा नसला तरी चालेल, गुणगुणा. चित्रावर शिकणाऱ्यांची गाडी नेमकी इथे अडते : कागद समोर असेपर्यंत सगळं येतं, कागद उचलला की काही नाही. रोज वीस मिनिटं पुरेत. पाच मिनिटं शीट सरकवून, दहा वाद्यावर, आणि शेवटची पाच कोऱ्या चौकटीवर आठवणीने ठिपके भरत. शेवटची पाच मिनिटं टाळावीशी वाटतील, ती टाळू नका.

स्टाफ नोटेशन आत्ता नको. ब्लूग्रास कानाने आणि टॅबने शिकतात. व्हायोलिनवाल्यांबरोबर लिहिलेलं वाजवायची वेळ आली तेव्हा बघू. टॅबमधल्या काठ्या आणि शेपट्या, म्हणजे कालमापन, तेवढं मात्र नीट वाचायला शिका.

मित्राचं 'ए मध्ये घे' राहिलं. ए म्हणजे पांढरी सहा, तुमच्या जी पेक्षा दोन घरं वर. दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (चारही लांब तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावा आणि पाचवी तारही दोन घरं चढवा : सातव्या फ्रेटला अडकवायची खिळी असेल तर तिथे, नसेल तर खुंटीने सावकाश ए पर्यंत. ही पाचवी विसरली की सगळं जुळलेलं असूनही एक तार सतत भांडत राहते. कॅपो लागला की तोच तुमचा शून्याचा रकाना. कागदावरचं एक अक्षरही बदलत नाही. बी ची पट्टी असेल तर कॅपो चारवर, पाचवी नऊवर.

आणि त्याला अक्षरांऐवजी आकड्यांत बोलायला सांगा : एक, चार, पाच. सा, म, प च ते. तो ए, डी, ई वाजवत असेल, तुम्ही कॅपोवर जी, सी, डी चे आकार धराल, आणि दोघंही 'चार आली' म्हणाल तेव्हा एकाच कॉर्डवर असाल. पहिल्या बैठकीला चाल नकोच. एक-एक-चार-चार-पाच-पाच-एक-एक, प्रत्येकी चार ठोके, सावकाश, तुम्ही फक्त नवव्या-दहाव्या-बाराव्या फ्रेटजवळचे ते तीन आकार धरून, कॅपोमुळे ते अकरा-बारा-चौदाव्या फ्रेटला येतील. खुणांचे ठिपके तेव्हा फसवतात, म्हणून मोजणी कॅपोपासून करा.